जपानमध्ये आपल्या आवडीचे रामेनचे दुकान शोधताना या चुका टाळा

टोकियोला येणारे मराठी पाहुणे विमानतळावरून घरी पोहोचेपर्यंत एक प्रश्न हमखास विचारतात: इथले सगळ्यात चांगले रामेन कुठे मिळते? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि पुढे होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ त्यातच आहे. साप्पोरोचे मिसो रामेन आणि हाकाताचे तोन्कोत्सु रामेन हे दोन्ही रामेनच, म्हणजे सूपमधल्या नूडल्सच असले, तरी त्यांचे सूप, नूडल्सची जाडी, चरबीचे प्रमाण आणि वर घातलेले जिन्नस यांपैकी जवळजवळ काहीच सारखे नसते. त्यामुळे एकाला आयुष्यभर आठवणारे दुकान दुसऱ्याला अर्धा वाडगाही संपवू देत नाही. आपल्याला कोणत्या धाटणीचे रामेन रुचते, हे आधी ओळखावे लागते आणि त्यानंतर ते मन लावून करणारा माणूस शोधावा लागतो. हा क्रम उलटा केला की पैसे, वेळ आणि भूक तिन्ही वाया जातात.

गुणांच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणे

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. जपानी लोक उपाहारगृहे शोधण्यासाठी 'तबेलॉग' हे संकेतस्थळ वापरतात. तिथे 5 पैकी गुण दिलेले असतात. पण घरपोच जेवण मागवण्याच्या अ‍ॅपवर 4.2 आणि 4.5 पाहायची सवय लागलेल्या आपल्या लोकांना ही मोजपट्टी समजत नाही. तबेलॉगवर बहुसंख्य दुकाने 3 ते 3.5 यांच्या दरम्यान असतात आणि 3.5 च्या वर जाणारी दुकाने थोडी असतात. त्यामुळे 3.4 गुणांचे दुकान अतिशय चांगले असू शकते, नव्हे, बहुतेक वेळा असतेच. पाहुणे मात्र तो आकडा पाहून नाक मुरडतात आणि नकाशावर 4.4 गुण दाखवणाऱ्या, पर्यटकांनी गजबजलेल्या दुकानासमोर जाऊन उभे राहतात.

त्याहून मोठी गोष्ट अशी की हे गुण देणारे लोक बहुतेक वेळा त्याच धाटणीचे चाहते असतात. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून कामानिमित्त आलेल्या एका परिचितांनी एका व्हिडिओतून दुकानांची यादी उतरवून आणली होती. तिच्यातले पहिले दुकान निबोशी रामेनचे होते. निबोशी म्हणजे वाळवलेल्या लहान मासळीचे सूप, आणि या दुकानात ते इतके दाट करतात की त्याचा रंग सिमेंटसारखा करडा होतो. जपानी शौकीन या प्रकाराला खरोखरच 'सिमेंट' म्हणूनच ओळखतात. हे परिचित घरी सुकटीचा वासही सहन न करणारे. वाटेत मी त्यांना सूप कशाचे आहे ते सांगितले, पण त्यांनी मोबाइलवरचा 3.8 हा आकडा माझ्यापुढे धरला आणि विषय संपवला. थंडीत दीड-दोन तास रांगेत उभे राहिल्यावर वाडगा समोर आला. त्यांनी दोन घास घेतले, पाणी प्यायले आणि चमचा खाली ठेवला. दुकानात काहीच कमी नव्हते. शेजारी बसलेला माणूस सूपचा शेवटचा थेंबही पिऊन उठला. पण त्या रात्री या गृहस्थांनी ठरवून टाकले की जपानचे रामेन आपल्यासाठी नाही, आणि उरलेले सगळे दिवस ते निशी-कासाईतल्या भारतीय उपाहारगृहांत जेवले. मला याचे आजही वाईट वाटते, कारण कोंबडीच्या स्वच्छ सूपचे, हलक्या मिठाचे एखादे शिओ रामेन पहिल्या दिवशी त्यांच्या पुढे आले असते तर त्यांचे मत वेगळे झाले असते. याच्या उलट, कोकणात आणि गोव्यात सुक्या मासळीवर वाढलेल्या माझ्या काही पाहुण्यांना निबोशी पहिल्याच घासात आवडले आहे.

म्हणून गुण मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी वाडग्याची छायाचित्रे पाहतो: सूप पारदर्शक आहे की गढूळ, नूडल्स सरळ आहेत की कुरळ्या, बारीक आहेत की जाड, वर तेलाचा थर किती आहे. त्यानंतर दोन-तीन लांब अभिप्राय भाषांतर करून वाचतो आणि त्यांत सूप कशाचे काढले आहे याचा उल्लेख शोधतो. याला दहा मिनिटे लागतात. ज्यांना दहा मिनिटे नकोत आणि दोन तासांची रांग चालते, त्यांच्या घाईचे कारण मला अजून समजलेले नाही.

शोयू, शिओ, मिसो, तोन्कोत्सु यांना चार वेगवेगळे प्रकार मानणे

या चार नावांची यादी जवळजवळ प्रत्येक प्रवास-लेखात असते, आणि ती दिशाभूल करते. शोयू, शिओ आणि मिसो ही वाडग्याच्या तळाशी घातल्या जाणाऱ्या खारट अर्काची नावे आहेत: अनुक्रमे सोया सॉस, मीठ आणि आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. तोन्कोत्सु म्हणजे डुकराची हाडे, म्हणजे हे नाव मूळ सूपचे आहे. अर्क आणि सूप यांची जुळणी कशीही होऊ शकते. टोकियोतल्या जुन्या धाटणीच्या दुकानात शोयू म्हणजे कोंबडी आणि सुक्या मासळीचे पातळ, तांबूस, आरपार दिसणारे सूप. योकोहामाच्या 'इएकेई' घराण्यात तोच शोयू डुकराच्या हाडांच्या दाट सूपमध्ये मिसळतो, वर कोंबडीचे तेल तरंगते आणि पालक व नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पट्ट्या घातल्या जातात. दोन्ही शोयूच, पण एक आवडले म्हणून दुसरे आवडेल किंवा एक नावडले म्हणून दुसरे नावडेल असे मुळीच नाही. "मला शोयू आवडत नाही" असे एका वाडग्यावरून जाहीर करणाऱ्या माणसाने कोणते सूप प्यायले हे त्याला स्वतःलाच माहीत नसते.

ज्यांच्याकडे दिवस थोडे आहेत, त्यांना मी 1994 साली उघडलेल्या शिन-योकोहामा रामेन संग्रहालयात घेऊन जातो. तिथे वेगवेगळ्या प्रांतांतली दुकाने एका छताखाली आहेत आणि लहान आकाराचे वाडगे मिळतात, त्यामुळे एका दुपारी दोन-तीन धाटणींची चव घेता येते. तिथेच आपले आवडते दुकान सापडले असे मात्र समजू नये. आपल्या जिभेचा कल कळावा एवढ्यापुरताच त्या भेटीचा उपयोग करावा आणि मग शहरात शोध सुरू करावा.

शिळ्या याद्या घेऊन फिरणे

सुगामोतल्या 'त्सुता' या दुकानाला मिशेलिन मार्गदर्शिकेच्या 2016 च्या टोकियो आवृत्तीत एक तारा मिळाला, आणि असा मान मिळवणारे ते जगातले पहिले रामेनचे दुकान ठरले. 2019 च्या अखेरीस ते योयोगी-उएहाराला हलले. तरीही सुगामोचा पत्ता लिहिलेले जुने लेख आजही वाचले जातात आणि लोक त्या गल्लीत जाऊन परततात. त्सुकेमेन, म्हणजे वेगळ्या वाडग्यातल्या दाट सूपमध्ये नूडल्स बुडवून खाण्याचा प्रकार, लोकप्रिय करणारे यामागिशी काझुओ यांचे हिगाशी-इकेबुकुरोतले 'ताइशोकेन' परिसराच्या पुनर्विकासामुळे 2007 मध्ये बंद झाले आणि पुढच्या वर्षी जवळच पुन्हा उघडले. दुकाने हलतात, मालक निवृत्त होतात, चव शिष्याच्या हातात जाते. यादी मात्र तीच राहते.

याद्यांऐवजी मी घराण्यांचा माग काढतो, आणि हा मार्ग मला आजवर सर्वाधिक फळला आहे. जपानी रामेनचा आचारी बहुधा कोणाच्या तरी हाताखाली काही वर्षे राबून मग स्वतःचे दुकान काढतो आणि गुरूचे नाव अभिमानाने सांगतो. यामागिशी यांनी असंख्य शिष्य तयार केले. योकोहामाच्या इएकेई धाटणीची सगळी दुकाने 1974 साली सुरू झालेल्या 'योशिमुराया'कडे बोट दाखवतात. एखाद्या ठिकाणचे सूप आवडले की आचाऱ्याने काम कुठे शिकले हे अभिप्रायांतून शोधावे, आणि त्याच गुरूच्या दुसऱ्या शिष्याचे दुकान आपल्या घराजवळ किंवा मुक्कामाजवळ आहे का ते पाहावे. तिथे रांग बहुतेक वेळा निम्मीही नसते.

आणखी एक खूण आहे, जी प्रवासी कधीच पाहत नाहीत. दुकानाच्या दाराबाहेर किंवा मागच्या बाजूला नूडल्सचे चौकोनी ट्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांवर नूडल्स बनवणाऱ्या कारखान्याचे नाव छापलेले असते. जाडसर, घट्ट नूडल्ससाठी असाकुसाचे काइकारो नाव कमावून आहे. इएकेईच्या जुन्या घराण्यात साकाई कारखान्याच्या आखूड, जाड नूडल्स वापरतात. आपल्या आवडत्या दोन दुकानांबाहेर एकच नाव दिसले, तर तिसऱ्या ठिकाणी ते नाव पाहून मी निश्चिंतपणे आत जातो.

"मांस नको" एवढे सांगून निर्धास्त होणे

मराठी घरांतून येणाऱ्या शाकाहारी माणसांच्या बाबतीत ही चूक सर्वांत दुखावणारी आहे. एका परिचितांनी आपल्या आईला, ज्यांनी जन्मात मांसाहार केलेला नाही, टोकियोतल्या एका दुकानात नेले. त्यांनी "मांस नको" असे जपानीत लिहिलेला कागद दाखवला. आचाऱ्याने आदराने मान हलवली, वरचे डुकराच्या मांसाचे काप वगळले आणि भाज्यांनी भरलेला सुंदर वाडगा पुढे ठेवला. सूप डुकराच्या आणि कोंबडीच्या हाडांचे होते. हे मुलाला समजले तोपर्यंत आईंनी अर्धे सूप प्यायलेले होते. त्यानंतर त्यांनी संपूर्ण प्रवासात घरून नेलेल्या दशम्या आणि फळे यांखेरीज काहीही खाल्ले नाही, आणि त्या मुलाला आईपुढे मान वर करता येईना. आचाऱ्याने फसवले नव्हते. कागदावर जे लिहिले होते ते त्याने अक्षरशः पाळले होते.

म्हणून हे पक्के लक्षात ठेवावे की रामेनच्या सामान्य दुकानात मांसाशिवाय सूप नसते. नावात भाजी असली तरी सूप हाडांचे असते. साप्पोरो धाटणीच्या मिसो रामेनमध्ये भाज्या डुकराच्या चरबीवर परततात. मांस वगळले तरी अर्कात सुकी मासळी किंवा बोनितो माशाचे काप असतात, आणि काही नूडल्समध्ये अंडेही असते. आचाऱ्याकडे सकाळपासून उकळणारे एकच पातेले असते, त्यामुळे "थोडे बदलून द्या" ही विनंती त्याला पूर्ण करता येत नाही आणि ती करूही नये. शाकाहारी पाहुण्यांना मी थेट टोकियो स्थानकाच्या तिकीट-फाटकाच्या आतल्या केइयो स्ट्रीटवरच्या 'टीज तानतान'मध्ये नेतो; तिथे मांस, मासे, अंडी आणि दूध यांपैकी काहीच वापरत नाहीत, आणि तिळाच्या दाट सूपचे त्यांचे तानतान-मेन मांसाहारी माणसालाही आवडते. युझु या लिंबाच्या जातीच्या फळाचा स्वाद असलेल्या शिओ रामेनसाठी प्रसिद्ध असलेल्या 'आफुरी'तही वनस्पतीजन्य रामेन मिळते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी दोन्हीकडे आधी स्वतंत्रपणे विचारून घ्यावे. गोमांस न खाणाऱ्यांनी 'ग्युकोत्सु' हा शब्द ओळखायला शिकावे, कारण तोत्तोरी प्रांतातले हे रामेन गाईगुरांच्या हाडांच्या सूपचे असते आणि आता ते मोठ्या शहरांतही मिळते.

तिकीट-यंत्रापुढे गोंधळणे

बहुतेक दुकानांत दाराशी एक यंत्र असते. त्यात पैसे घालून बटण दाबायचे आणि मिळालेले तिकीट आचाऱ्यापुढे ठेवायचे. इथे लोक दोन ठिकाणी अडखळतात. पहिली अडचण पैशांची असते. जुनी यंत्रे केवळ नाणी आणि 1000 येनची नोट घेतात, आणि 3 जुलै 2024 रोजी नव्या नोटा आल्यानंतर काही यंत्रे नवी 1000 ची नोटही स्वीकारत नाहीत. खिशात 100 आणि 500 येनची नाणी आणि शक्य झाल्यास एखादी जुनी नोट ठेवावी, कारण 10,000 येनची नोट घेऊन यंत्रापुढे उभे राहिले की मागची संपूर्ण रांग थांबते. दुसरी अडचण बटणांच्या गर्दीची. बहुतेक यंत्रांवर वरच्या ओळीत डाव्या कोपऱ्यातले बटण दुकानाच्या मुख्य रामेनचे असते. पहिल्या भेटीत तेच दाबावे.

यावर मी आग्रही आहे. पहिल्याच दिवशी सगळे जिन्नस घातलेला, अंडे, जादा मांस, नोरी आणि बांबूचे कोंब यांनी झाकलेला वाडगा मागवणाऱ्याला सूप कसे आहे ते समजत नाही. केवळ काही दिवसांसाठी केलेले खास रामेन मागवणाऱ्यालाही समजत नाही, कारण आचाऱ्याचा रोजचा हात त्यात दिसत नाही. साधा वाडगा मागवावा, नूडल्सना हात लावण्याआधी सूपचे दोन चमचे घ्यावे, मग नूडल्स खाव्या, आणि टेबलावरचा लसूण, व्हिनेगर किंवा मिरपूड अर्धा वाडगा संपल्यावरच घालावी. वाडगा येताच त्यावर लाल तिखट ओतणाऱ्या आपल्या लोकांना मी दर वेळी थांबवतो, आणि पुढेही थांबवीन.

ज्या चुकांबद्दल एक ओळ पुरेशी आहे

उघडण्याच्या वेळा नकाशावर पाहून निघू नये. बहुतेक दुकाने दुपारी दोन-तीनच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात, सूप संपले की वेळेआधीच पडदा उतरवतात, आणि अचानक घेतलेल्या सुट्टीची सूचना फक्त एक्सवर देतात, म्हणून त्यांचे खाते त्याच दिवशी सकाळी पाहावे. ऑगस्टच्या मध्यावर ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, दिवसांत आणि नववर्षाच्या आठवड्यात तर हे न चुकता करावे.

रांगेत एकाला उभे करून बाकीच्यांनी नंतर येणे जपानमध्ये शिष्टाचाराला धरून नाही. काही ठिकाणी तिकीट काढून रांगेत उभे राहायचे असते, काही ठिकाणी उलटे. दारावरची सूचना वाचावी किंवा पुढच्या माणसाला विचारावे. आठ-दहा खुर्च्यांच्या दुकानात सहा जणांनी मोठ्या बॅगांसह जाऊ नये.

हाकाता धाटणीच्या बारीक नूडल्स लगेच मऊ पडतात, म्हणून छायाचित्रे आटोपशीर काढावीत. तिथे नूडल्सची दुसरी फेरी, म्हणजे 'काएदामा', मागवायची असेल तर सूप शिल्लक ठेवावे. 'जिरो' घराण्याच्या दुकानात लहान वाडग्यातही नेहमीच्या साधारण दुप्पट नूडल्स असतात, हे ठाऊक नसताना मोठा वाडगा मागवू नये. फुकुशिमा प्रांतातल्या किताकाताला गेल्यास दुपारची वाट पाहू नये, कारण तिथे सकाळी रामेन खाण्याची जुनी रीत आहे.

एकदा जाऊन निर्णय करणे

आवडते दुकान एका भेटीत ठरत नाही. हाडांचे सूप दिवसभर उकळत राहते, त्यामुळे सकाळी अकराला मिळालेले आणि रात्री आठला मिळालेले सूप दाटपणात वेगळे असू शकते. उन्हाळ्यात आणि थंडीतही फरक पडतो. मी एखाद्या दुकानाबद्दल मत देण्यापूर्वी एकदा दुपारी उघडताना आणि एकदा संध्याकाळी जातो, आणि दोन्ही वेळा तोच वाडगा मागवतो. आठवडाभरासाठी आलेल्या पाहुण्यांना मी याच कारणाने सांगतो की संपूर्ण शहर पालथे घालण्यापेक्षा ताकादानोबाबा किंवा इकेबुकुरो यांसारखा दुकानांनी दाटलेला एखादा भाग निवडा, तिथली तीन-चार वेगवेगळ्या धाटणींची दुकाने पाहा, आणि त्यांतल्या एका ठिकाणी परत जा. सात दिवसांत सात नामांकित दुकाने करून आलेल्यांना मी नंतर विचारतो की कोणते आवडले, तेव्हा ते रांगांची लांबी सांगतात. दुसऱ्यांदा गेलेला माणूस सूपबद्दल बोलतो. परत जाताना साप्ताहिक सुट्टीचा वार दारावरच्या पाटीवरून टिपून घ्यावा. जपानीत तो आठवड्याच्या वाराच्या एकाच चिन्हाने लिहिलेला असतो, आणि ती सात चिन्हे पाठ करायला एक संध्याकाळ पुरते.